हौदातलं शिळं पाणी

आक्का आधी पाणी ओतायच्या, मग बोलायच्या. तुम्ही ओट्यावर टेकलात की त्या भरलेला तांब्या घेऊन बाहेर येणार, तुमच्याकडे बघत बघत तो जास्वंदीच्या बुडात रिकामा करणार, आत जाऊन पुन्हा भरून आणणार आणि तुमच्या हातात देऊन म्हणणार, "हं, आता बोला. शिळं न्हाय चालत आपल्याला." ओतलेलं पाणी तासाभरापूर्वी भरलेलं असलं तरी त्यांच्या लेखी ते शिळंच. उन्हातून आलेला माणूस त्या जास्वंदीकडे हेव्यानं बघायचा. मी तर कितीदा बघितलंय.

अशी टापटिपीची माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण आक्कांचं प्रकरण पुढचं होतं. सकाळची भाकरी त्यांच्या घरात संध्याकाळी दिसायची नाही. निमगाव केतकीच्या बाजारात मेथी घेऊन बसायच्या, राहिलेल्या जुड्या परत आणून गाईपुढं टाकायच्या. दुसऱ्या दिवशी कुणी मागितली तरी द्यायच्या नाहीत. रोज पहाटे घरातलं पाणी बदललं जायचं. माठ, हंडा, कळशी आणि न्हाणीजवळचा सिमेंटचा हौदसुद्धा. हौदाच्या तळाला लाकडी बूच होतं. ते उपसलं की पाणी पाटानं केळीला जायचं, म्हणजे वाया काही जात नव्हतं. पण रोज?

मी अंथुर्ण्याजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक आहे. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर सांगतील तशी मलमपट्टी करायची, म्हशीचा पाय धरायचा, शेळीचं तोंड उघडायचं, हे माझं काम. आक्कांना हा फरक मी चार वेळा समजावून सांगितला होता. "सुई टोचता न्हवं? मग झालं," असं म्हणून त्यांनी मला जे डॉक्टर केलं ते कायमचंच.

एका शनिवारी सकाळी त्या दवाखान्यात आल्या त्या बादली घेऊन. लुगड्याचा काष्टा ओला, कोपर खरचटलेलं.

"डॉक्टर, वाईच बघा ह्याला."

बादलीत रोहू होता. किलोभराचा तरी असेल. एका कुशीवरचे तळहाताएवढ्या जागेतले खवले निघालेले आणि आतलं मांस लालभडक दिसत होतं. शेपूट बादलीत मावत नव्हती म्हणून ती वाकवून बसवली होती.

"आक्का, मी गाई-म्हशींचा माणूस. मासा आणलाय तुम्ही."

"जित्राब हाय का न्हाय? मग बघा की."

झालं होतं ते असं. शेततळ्यावरची मोटार त्यांनी ठिबकला चालू केली. आत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाची जाळी दिवाळीपासून निसटलेली होती. मासा त्या तोंडाला ओढला जाऊन अडकला. पाणी का येईना म्हणून आक्कांनी डोकावून पाहिलं, मोटार बंद केली, गाईचं दावं खांबाला बांधलं, दुसरं टोक कंबरेला, आणि उतरल्या तळ्यात. एकट्या. वय पासष्ट.

ज्यांनी शेततळं पाहिलं नसेल त्यांना सांगतो. जमीन खणून आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की तो साबणासारखा निसरडा होतो. पट्टीचे पोहणारे गडी आत गेले तर त्यांना कड धरता येत नाही. आमच्या भागात दरवर्षी कुणीतरी बुडाल्याचं ऐकू येतं. 

"अहो, वर कशा आलात?"

"आले की. दावं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमी माशाचं बघा. माझं काय बघताय?"

मला माशातलं काही कळत नव्हतं, पण जखम ती जखम. ओल्या फडक्यात मासा धरून कापसानं पोटॅशचं जांभळं पाणी लावलं. त्याला घरच्या हौदात ठेवायला सांगितलं. आणि तेव्हा मी एक वाक्य बोललो, जे मी दिवसातून दहा माणसांना सांगत असतो. "जागा स्वच्छ ठेवा बरं का." आक्कांनी मान डोलावली. स्वच्छता मला शिकवता व्हय, असं त्या मानेत होतं.

रविवारी पुन्हा औषध लावायला मळ्यावर गेलो तर त्यांचा मुलगा बारामतीहून आलेला. तिथल्या कंपनीत कामाला, चांगला मुलगा. नवरा गेल्यापासून आक्का मळ्यावर एकट्या होत्या आणि हा दर रविवारी चुकवायचा नाही. दाव्याची गोष्ट त्याला शेजारच्या वस्तीवरून कळली होती. तो हौदाजवळ उभा राहून बोलत होता आणि त्याचा आवाज चढला होता.

"आत उतरलीस. आणि पाय सटकला असता तर वरून कोण ओढणार होतं? गाय?"

"गाय शाणी हाय आपली."

"आई, चेष्टा नको. जाळी बसवून घे म्हणून मी दिवाळीपासून सांगतोय. बास झालं आता. मळा वाट्यानं देऊ. तू बारामतीला चल, तुझी खोली तयार आहे."

"मला न्हाय करमत तितं."

"करमत नाही म्हणे! एक मासा सांभाळता आला नाही तुला, मळा काय सांभाळणार?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच दुसरीकडे बघायला लागला.   आक्कांनी पदर खोचला.

"सांभाळून दावते. पंधरा दिवस दे. ह्यो जगला तर मी हितनं हलणार न्हाय, आन् तू पुन्हा ह्यो विषय काडायचा न्हाय. मेला तर त्याच दिशी गाडी घिऊन ये. पिशवी भरून बसलेली असंल मी."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी माशाकडे पाहिलं. मासा हौदाच्या कोपऱ्यात तोंड खुपसून पडला होता आणि त्याच्या अंगावर एका बाईचा सगळा मळा आला होता, याची त्याला काय कल्पना!

"कबूल," मुलगा म्हणाला. मासा दोन दिवसांचा सोबती आहे हे त्यालाही दिसत होतं.

आक्का माशाला 'पेशंट' म्हणायच्या. मी रोज संध्याकाळी मोटारसायकल वाकडी करून जायचो आणि मला रोज वृत्तान्त मिळायचा. पेशंट आज डाव्या अंगाला होता. पेशंटनं पेंड हुंगली, खाल्ली न्हाय. त्याला हवा मिळावी म्हणून आक्का येता-जाता तांब्याभर पाणी उंचावरून हौदात सोडायच्या, चहा निववतात तसं. हौदाचा तळ लख्ख घासलेला, पाणी असं नितळ की माशाचा एकेक खवला मोजावा.

आणि पेशंट दिवसेंदिवस खालावत होता. बुधवारी जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली. गुरुवारी तो पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागला, मधूनच कुशीवर कलंडायचा. आक्का हौदाच्या काठावर बसून त्याला दोन्ही हातांनी सरळ धरायच्या. सोडला की तो पुन्हा कलंडायचा.

"जेवला न्हाय हो सहा दीस," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला पाणी विचारलं नाही. मी ओट्यावर बसलो, उठलो, निघालो, आणि फाटकाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की तांब्या बाहेर आलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. "भाऊ, खरं सांगा. जगेल का तो?"

"अवघड दिसतंय."

"नाही जगला तरी चालेल, भाऊ. वाईट बोलतोय मी, कळतंय मला. पण आई त्या कागदावरून खाली उतरतेय हे माझ्या डोळ्यांपुढून जातच नाही."

त्याचं चुकत नव्हतं.

शुक्रवारी दवाखान्याच्या कामानं मला भिगवणला जायचं होतं. काम उरकून मासळी बाजारात एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याचा सगळा जन्म उजनीच्या पाण्यात गेलेला. चिलापीच्या क्रेट मोजता मोजता त्यानं माझी कहाणी ऐकली आणि एकच विचारलं.

"पाणी कुठलं घालताय?"

"नळाचं. वस्तीवर नवीन योजना आलीय."

"बदलता कधी?"

"रोज. पहाटे सगळा हौद रिकामा करून पुन्हा भरतात."

तो क्रेट मोजायचा थांबला. "मग आजारी कशाला म्हणता? मारताय की तुमी त्याला. नळाच्या पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असती, माणसाला बरी. माशाचं कल्लं भाजत्यात त्यानं. त्येला शिळं पाणी लागतं, साहेब. तळ्याचं हिरवं पाणी भरा आन् हात लावू नका. थोडं काडायचं, तेवढंच थोडं घालायचं, तेबी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. आन् खडं मीठ टाका."

"किती मीठ?"

"ताकाला लागतं त्याच्या निम्मं."

मी मोटारसायकलला किक मारली आणि परतीच्या वाटेला लागलो. खोटं सांगत नाही, त्या वाटेवर माझ्या मनात नको ते येऊन गेलं. मी दोन दिवस मळ्यावर गेलोच नाही तर? मासा आपल्या मरणानं मरेल, कुणी मला दोष देणार नाही, आणि आक्का बारामतीच्या फ्लॅटमध्ये सुखरूप राहतील. त्या निसरड्या कागदापासून दूर. मुलगा रात्री नीट झोपेल. मग मला तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दिसला, मी एकदा गेलो होतो तिथं. तांब्या घेऊन आक्का त्यात उभ्या आहेत आणि पाणी ओतायला जास्वंद नाही. मी गाडीचा वेग वाढवला.

आक्का हौदाजवळच होत्या. पेशंट खालावला म्हणून त्या दिवशी दुसऱ्यांदा बूच लावून नुकतंच नवीन पाणी भरलं होतं, त्याचा टीसीएलचा वास मला फाटकापर्यंत आला. इतके दिवस तो मला आला कसा नाही, देव जाणे. दवाखान्यात राहून नाक मेलंय माझं.

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत खाली बसल्या.

"म्हंजी मीच मारत हुते व्हय त्याला?"

"मीच म्हटलं होतं ना, स्वच्छ ठेवा म्हणून. अर्धी चूक माझी."

त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "अर्धी न्हवं. पाऊण तुमची," त्या म्हणाल्या आणि उठल्या. मला फार बरं वाटलं.

आधी मी पाइपाच्या तोंडाची जाळी बसवली. पाइप वर ओढून घेऊन, काठावर बसून. आत कुणी उतरलं नाही. मग बूच उपसून नळाचं पाणी सोडून दिलं आणि मोटार लावून तळ्याचं हिरवट पाणी थेट हौदात घेतलं. मीठ टाकायची वेळ आली तेव्हा मी हौदात किती लिटर पाणी असेल याचा हिशोब मांडायला लागलो.

"लिटरचं ऱ्हाऊ द्या. ताकाच्या निम्मं म्हनला न्हवं त्यो?" आक्कांनी मूठभर मीठ टाकलं, हात फिरवला, बोट बुडवून जिभेला लावलं. "आळणी." आणखी एक मूठ. पुन्हा बोट.

"आक्का, अहो, औषध आहे त्यात, माशाची घाण आहे!"

"मग तुमी घ्या चव."

मी मिठाची पिशवी त्यांच्यापुढं केली.

खरी परीक्षा पुढं होती, आणि ती माशाची नव्हे. पाण्याला हात लावायचा नाही! पहाटे उठलं की आक्कांचा हात आपोआप बुचाकडे जायचा. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर बुचाला फडकं गुंडाळून वर तीन गाठी मारलेल्या.

"हे कशाला?"

"माझा हात वंगाळ हाय. सवयीनं उपसंल."

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वास येतोय, डॉक्टर." मी म्हटलं, येऊ द्या. चौथ्या दिवशी हौदाच्या कडेला हिरवी रेघ धरली. आक्का तिकडे पाठ करून भांडी घासायच्या. एखाद्या सोवळ्या बाईच्या घरात कुणी चपला घालून फिरावं आणि तिला बोलायची सोय नसावी, तशी त्यांची दशा. आपली सासू असती तर तिनं आपल्याला घराबाहेर काढलं असतं, असं त्या म्हणायच्या. पण रोज एक घागर आदल्या दिवशी भरून उन्हात उघडी ठेवायच्या, हौदातलं घागरभर पाणी काढायच्या, ते शिळं घागरभर घालायच्या, मीठ चाखायच्या. त्यात एका दिवसाचाही खंड नाही.

बुरशी विरळ झाली. मासा सरळ राहायला लागला. आणि पैजेच्या बाराव्या दिवशी सकाळी मी एका म्हशीच्या शिंगाला पट्टी बांधत असताना फोन वाजला.

"डॉक्टर, पेशंट जेवला!"

एवढंच बोलून फोन ठेवला. मी म्हशीच्या मालकाला सांगितलं, पेशंट जेवला. त्याला काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून तोही हसला.

ठरल्या रविवारी मुलगा आला. आक्कांनी त्याच्यापुढं तांब्या रिकामा केला, भरून आणला, आणि बोटानं हौद दाखवला. तो वाकला. पाणी गढूळ, मासा दिसेना. "कुठाय?" म्हणून त्यानं हात आत घातला आणि पेशंटनं शेपटीचा असा तडाखा दिला की त्याच्या पांढऱ्या शर्टावर हिरवे शिंतोडे उडाले.

"हितं हाय," आक्का म्हणाल्या.

तो हसला. मग शर्ट झटकत म्हणाला, "आई, तू जिंकलीस. पण तळ्यात उतरायचं नाही. माझी शपथ आहे."

"न्हाय उतरत."

पुढच्या रविवारी त्यानं तळ्याभोवती तारेचं कुंपण घातलं आणि कागदावर चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले. बारामतीच्या खोलीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. शब्दाला दोघंही पक्की.

दीडेक महिन्यानं जखमेवर बारीक खवले आले. आक्कांनी मासा घमेल्यात घेतला आणि घमेलं दोरानं तळ्यात सोडलं, कुंपणाच्या बाहेर उभं राहून. तो एकदा वळवळला आणि गेला.

"मागं वळूनसुदीक बघितलं न्हाय मेल्यानं," त्या म्हणाल्या. कौतुक नुसतं ओसंडत होतं.

मग काय, आजूबाजूच्या शेततळ्यांवरून पेशंट यायला लागले. कुणाचा बगळ्यानं चोच मारलेला, कुणाचा जाळ्यात कापलेला. जिथं मासे विकायला आणि खायला पाळतात, तिथं एखादा जखमी मासा बादलीत घालून दोन कोस आणायचा म्हणजे गंमतच. पण लोक आणायचे. काही वाचले, काही गेले. हौद आता कायमचा माशांचा झाला आणि बुचावरच्या गाठी तशाच राहिल्या. घरातला माठ, हंडा, कळशी मात्र रोज पहाटे बदलायची ती बदलायचीच.

"मान्साला ताजं, पेशंटला शिळं," असा त्यांनी कायदा करून टाकला होता.

गेल्या फाल्गुनात आक्का गेल्या. दुपारी जेवल्या, भांडी घासली, ओट्यावर कलंडल्या त्या उठल्या नाहीत. स्वतःच्या ओट्यावर, जास्वंदीसमोर. मला निरोप मिळाला तेव्हा मी पहिलं विचारलं, तळ्यात तर नाही ना? नाही म्हणाले. त्या दुःखातही मला हायसं वाटलं.

दहन उरकून आम्ही परत आलो तेव्हा भावकीतल्या बायकांनी घर आवरायला घेतलं होतं. माणूस गेलं की घरात भरलेलं पाणी ठेवत नाहीत, ओतून देतात. माठ पालथा घातला होता, हंडा, कळशी, घागर, सगळं अंगणात उपडं. जास्वंदीच्या बुडात चिखल झाला होता. आता एक म्हातारी चुलती हौदाशी वाकली आणि बुचावरच्या गाठी सोडायला लागली. हौदात त्या आठवड्यात आलेला एक पेशंट होता, बगळ्यानं पाठ फोडलेला.

मुलगा ओल्या कपड्यांनी अंगणात उभा होता. तो धावतच गेला आणि त्यानं चुलतीच्या हातावर हात ठेवला.

"काकी, ते नको. ते राहू द्या."

"आरं, सुतकाचं पानी हाय. शिळं ठिवू न्हाई."

"त्याला शिळंच लागतं," तो म्हणाला, आणि तिथंच हौदाला टेकून बसून रडला. म्हातारीनं सोडलेली एक गाठ पुन्हा मारली.

पाचव्या दिवशी मी मळ्यावर गेलो. मुलगा बारामतीला परतला नव्हता. माझी चाहूल लागली नाही त्याला. घागरभर पाणी हौदातून काढलेलं, उन्हातली घागर आत ओतलेली, आणि तो काठावर बसून तांब्यानं उंचावरून पाणी सोडत होता. मग त्यानं मुठीतलं मीठ टाकलं, हात फिरवला, बोट बुडवून जिभेला लावलं. 

"आळणी हाय," स्वतःशीच म्हणाला, आणि मीठ आणायला घरात गेला.